पिकेरोने आणलेला मासा

३ नोव्हेंबर

पोहोचले एकदाची! बेटाचं नाव ला पेलोना, म्हणजे टकली, आणि ज्याने ठेवलं त्याने बघूनच ठेवलं असणार. गवताची काडी नाही, सगळीकडे पक्ष्यांची पांढरी शीट आणि तिच्यावर मावतील तेवढे पक्षी. वासाने डोळ्यांतून पाणी आलं, पण चिंबोतेच्या धक्क्यावर एल्मेर आणि मिलुस्काचा निरोप घेताना आलं होतं तेवढं नाही. एल्मेर, माझा नवरा, आंचोवेता मासळी पकडणाऱ्या बोटीवर खलाशी आहे. मिलुस्का चार वर्षांची. नाताळात येणारा आमचा उन्हाळा इथे काढला की मला मत्स्य खात्याच्या कार्यालयात कायमची नोकरी आणि रोज रात्री लेक कुशीत. त्यासाठी शीट काय, काहीही चालेल.

काम सोपं आहे. समुद्रात कुठले मासे आहेत ते पक्ष्यांना विचारायचं. जाळं टाकायचं तर बोट लागते, डिझेल लागतं. पिकेरो पक्षी फुकट बुडी मारतात. त्यांनी काय आणलं ते मोजून रोज सकाळी रेडिओवर कळवायचं. आंचोवेता कमी दिसली की सरकार मासेमारी थांबवतं, म्हणजे माझ्या आकड्यांवर माझ्याच घरची चूल. निघताना एल्मेर म्हणाला, पक्ष्यांना सांग, पोटभर खा, आमचीही सोय बघा.

बेटाचा राखणदार एर्मिनियो यार्लेके, साठीचा. कार्यालयात सगळ्यांनी बजावलं होतं की आमच्या कोरड्याठाक किनाऱ्यावर एक वेळ पाऊस पडेल, पण एर्मिनियो बोलणार नाही. प्रत्यक्षात धक्क्यापासून खोलीपर्यंत त्याचं तोंड मिटलं नाही. मला इंजिनियर बाई म्हणतो. मी म्हटलं, काका, मी जीवशास्त्र शिकलेय. तर म्हणाला, शिकलेली ती इंजिनियर, बाकी सगळी आमच्यासारखी गाढवं. मला तर माणूस आवडला.

६ नोव्हेंबर

नमुना म्हणजे ओकारी. कागदावर 'नमुना' किती सभ्य दिसतं! पिकेरो समुद्रावरून गळ्यापर्यंत भरून येतो, आपण मागून जाऊन त्याला धरायचं आणि बादलीवर उलटा करायचा. घाबरून तो सगळं ओततो. कोमट, बुळबुळीत, माशांच्या डोळ्यांसकट. पहिल्या पक्ष्याच्या वेळी माझीही भर त्यात पडता पडता राहिली. मग ते चिमट्याने सुटं करायचं, धुवायचं, पट्टीवर मोजायचं. आजची सगळी आंचोवेता होती, बोटभर लांब, धडधाकट. एल्मेरच्या दृष्टीने उत्तम बातमी.

मोजून झाल्यावर बादली समुद्रात रिकामी करायला निघाले तर काका आडवे आले. त्यांनी धड मासे वेचले, लिंबू पिळलं, कांदा आणि मिरची चिरून घातली आणि कच्चेच खायला बसले. शी! मला वाटलं माझी फिरकी घेतायत. पण सगळ्या बेटांवरचे राखणदार हेच खातात म्हणे. त्याला ओकलेला म्हणायचं नाही, पिकेरोने आणलेला म्हणायचं. काकांचा युक्तिवाद असा की मासा घशातूनच माघारी आला, त्याने पोट बघितलंसुद्धा नाही, आणि बाजारात याहून शिळा मिळतो, वर कोळीण शिव्या देते ती वेगळी. मी माझी मसूर आणि भात घेऊन वाऱ्याच्या बाजूला जाऊन बसले.

काका खाताना तोंड अगदी थोडं उघडतात. दात गेले असतील.

१६ नोव्हेंबर

पाणी तापलंय. आंचोवेता निम्म्याहून कमी आणि बादलीत नवेच मासे, गुलाबी, पंज्याएवढे. हे उत्तरेकडचे, कोमट पाण्यातले. एल निनोच्या वर्षी ते इकडे सरकतात आणि सगळ्यात आधी पक्ष्यांच्या पोटात सापडतात. हे टिपायलाच तर मला पाठवलंय. मी खुशीत एकाचं तोंड उघडलं. आतून कोणीतरी माझ्याकडे बघत होतं.

माशाची ऊ. पुस्तकात वाचली होती, पुस्तकात तिला वास नव्हता. पांढरी, फुगीर, गोचिडीची थोरली बहीण शोभेल अशी. लहानपणी कल्ल्यांतून आत शिरते, माशाच्या जिभेतलं रक्त पिते, जीभ वाळून झडली की तिच्या बुडख्याला नख्या रोवून जिभेच्याच जागी बसते. आणि जिभेचं काम करते. मासा जगतो, खातो, त्याचं काही अडत नाही. बादलीतल्या प्रत्येक गुलाबी माशाच्या तोंडात एक होती, बहुतेक जिवंत. मी दगडामागे जाऊन मनसोक्त ओकले.

काकांना दाखवलं तर हसून म्हणाले, माशाची तक्रार नाही, पक्ष्याची नाही, तुमचं काय जातंय, इंजिनियर बाई? ऊ बोटाने काढून टाकायची आणि खायचं. हे मासे ते मी बेटावर यायच्या आधीपासून खातायत म्हणे.

२४ नोव्हेंबर

समुद्र उसळलाय, रसद घेऊन येणारी बोट आलेली नाही. मसुरीत किडे झाले. ते निवडून टाकून मसूर खाल्ली. मग तीही संपली.

आज खाल्लं. लिहायलाही लाज वाटते. काकांनी ताटली समोर ठेवली, उवा काढलेल्या, मासा लिंबात पांढरा झालेला. भुकेला कोंडा, निजेला धोंडा, असं स्वतःला बजावत पहिला घास डोळे मिटून घेतला. दुसरा उघड्या डोळ्यांनी. ताटली चाटली. इतकं चवदार मी जन्मात खाल्लं नव्हतं, आणि याचीच मला सगळ्यात जास्त किळस येते.

संध्याकाळी रेडिओवर एल्मेर आणि मिलुस्का. रविवारची आमची पाच मिनिटं. मिलुस्काने आख्खं गाणं म्हटलं. काय खाल्लं ते मी सांगितलं नाही.

१ डिसेंबर

चव गेलीय. जिभेचं टोक बधिर, बोट लावलं तर कोरडं चामडं. तोंड आलं असेल, हिरव्या भाज्या नाहीत ना. मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या तर आत काहीतरी आक्रसलं.

रविवार. एल्मेर हसत म्हणाला की आज तू किती गोड बोलतेयस, लग्नाआधीही अशी बोलली नाहीस. मी तिखट जिभेची, सासरी-माहेरी प्रसिद्ध आहे. मला आठवतं त्याप्रमाणे मी बोट का अडली एवढंच विचारलं होतं. पण तो म्हणतो, मी त्याला सोन्या म्हटलं. मी आयुष्यात कोणाला सोन्या म्हटलेलं नाही.

६ डिसेंबर

आरसा काकांकडे नाही. फोडून टाकला म्हणे, मन रमत नव्हतं. मी चाकूचं पातं घासून चकचकीत केलं आणि दारात उन्हात उभी राहून तोंड उघडलं.

दोन काळे डोळे. जिभेच्या जागी ती, ओली, पांढरी, माझ्या थुंकीत भिजलेली. मी बघत असताना तिने अंग चोरलं आणि दातांना आतून पाय लावले. पोटाखाली पातळ पिशवी आहे. पिशवीत पिल्लं वळवळतात. मला ती टाळूला लागतात. आता हे कळल्यावर सारखी लागतात.

किंचाळले. किंकाळी आली नाही. तोंडातून माझ्याच आवाजात आलं, अगंबाई, किती छान ऊन पडलंय.

७ डिसेंबर

काका दारात उभे होते. त्यांचं तोंड गमती सांगत होतं, गाढवाची गोष्ट, भटारणीची गोष्ट, म्हातारा जिभेला हाड नसल्यासारखा बोलत होता, आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मग त्यांनी स्वतःच ओठ फाकून दाखवलं. त्यांची माझ्यापेक्षा मोठी. पिशवी रिकामी.

हात त्यांचेच आहेत. माझेही माझेच. फक्त बोलणं नाही. लिंबात उवा निवडताना पिल्लं राहिली असणार, दिसतच नाहीत इतकी बारीक. की ताटली पुढे केली तेव्हा त्यांनी — नाही, मी त्यांना दोष देणार नाही.

त्यांनी पक्कड आणून माझ्या हातात दिली आणि खाली बसून मान वर केली. मी ओढलं. तिने नख्या आत खोल रोवल्या, घशापर्यंत. रक्त थांबेना. काका गेले. त्यांचा श्वास थांबल्यावरही ती थोडा वेळ बोलत होती. म्हणत होती, सावकाश, इंजिनियर बाई, सावकाश, अंगावर उडेल.

पक्कड समुद्रात फेकली.

१३ डिसेंबर

आंचोवेता बादलीत एकही नाही. सगळे गुलाबी. हे मी रेडिओवर सांगायला गेले. दात घट्ट आवळून बटण दाबलं, वाटलं, नुसती शांतता ऐकून तरी त्यांना कळेल. तिने दातांच्या फटीतून बोलून टाकलं. आंचोवेता मुबलक. नवा गुलाबी मासा आलाय, अप्रतिम लागतो, बोटींना कळवा, बाजारात आणा, लिंबू पिळून खा. कार्यालयातला मुलगा खूश. म्हणाला, तुमचा आवाज ऐकला की बरं वाटतं.

एर्मिनियो काकांचं विचारलं तर झोपलेत म्हणाली.

१५ डिसेंबर

रविवार. गेलेच नव्हते रेडिओकडे. पण मिलुस्काचा आवाज खोलीपर्यंत आला, आई, आई — आणि माझेच पाय —

ती बोलली. मी तोंडावर दोन्ही हात दाबले होते तरी बोलली. नाताळला इकडेच या. रसदीच्या बोटीतून. पानेतोन केक आणा, चॉकलेट करू. मिलुस्काला नक्की आण, सोन्या, तिला जवळ घेतल्याशिवाय मला करमत नाही.

मिलुस्का टाळ्या पिटत होती. एल्मेर म्हणाला, तू बदललीस, बेट मानवलं तुला. त्याला ही जास्त आवडते.

मग रेडिओच्या तारा तोडल्या. उशीर झाला होता.

१९ डिसेंबर

पिशवी ताणलीय. जेवताना, गिळताना, सारखं काहीतरी सरकतं. किळस येऊन येऊन संपत नाही. चाकू तोंडात धरून बघितला — काकांसारखं झालं तर धक्क्यावर त्यांना अडवायला कोण? माझं प्रेत बघून मिलुस्का आधी कुठे धावेल? तोंडापाशी.

जगायचं. बोट लागेपर्यंत जगायचं. आणि लिहायचं.

२२ डिसेंबर

बोट दिसतेय. तोंडात चिंध्या कोंबल्यात, वरून फडका, गाठीवर गाठ. पक्षी ओकतायत सगळीकडे, मी धावले म्हणून.

हे पान एल्मेरच्या हातात द्यायचं. एल्मेर, मी तोंडाने काहीही बोलले तरी ऐकू नको. हात माझा आहे, हे अक्षर ओळख. गुलाबी मासा कोणी खाऊ नका. आंचोवेता संपलीय, मी खोटं बोलले नाही, ते मी नव्हते. मिलुस्काला माझ्यापासून लांब —

लागली बोट. मला वाटलं तो एकटा वर येईल. तिला खांद्यावर घेतलंय. लाल फ्रॉक. हात हलवतेय.

आत ती चिंध्या कुरतडते. गाठ सैल —

मिलुस्काने हाक मारली. ओ गेली. स्पष्ट. फडका बांधलेला असताना —

त्याने तिला खाली ठेवली. का ठेवलीस. धावत येतेय. मी मागे सरतेय, मागे कडा आहे, ती म्हणते, आई काय लिहितेस — तोंड म्हणतंय, काही नाही गं राणी, ये, एक पापी दे —

एल्मेर तिला उचल. एल्मेर वाच. एल्मेर तिला उच