चोळीबांगडीचा तुकडा

बोरदरी,
मंगळवार, २२ जानेवारी १९५७

प्रिय आवडा,

आपल्या गावच्या विहिरीचे पैसे मंजूर झाले. ब्लॉकाच्या मोठ्या साहेबांनी काल दुपारी पारावर उभं राहून तसं जाहीर केलं आणि आज सकाळी ओव्हरसियरने सही-शिक्क्याचा हुकूम दाखवला, तेव्हा ही खबर पक्की समज. अकोल्याच्या ज्या साप्ताहिकाला मी गावच्या बातम्या धाडतो, त्याला काल रात्रीच चार ओळी धाडून दिल्या, कारण त्यांना त्या शनिवारच्या अंकाला हव्या होत्या. तुझं मात्र चार ओळींत भागायचं नाही. एरवी मी तुला कार्ड टाकतो. पण कार्ड आधी आपला पोस्टमन वाचतो, मग चावडीवर बसलेले वाचतात आणि सगळ्यांचं वाचून झालं की ते कारंजाला तुझ्या हाती पडतं. म्हणून आज मुद्दाम पाकीट आणलं. जावईबापू चंपतरावांच्या जिनात सध्या कापसाची घाई असेल. त्यांना सांग, डोळ्यांत रुई जाते म्हणून चोळत बसू नका, थंड पाण्याने धुवा.

आपण अर्ज केला तेव्हा मध्य प्रदेशात होतो, हे तुला आठवत असेल. अर्ज नागपूरला गेला आणि तिथे त्याच्यावर एवढे शेरे बसले की मूळ मजकूर शोधावा लागे. मग नोव्हेंबरात आपण मुंबई राज्यात गेलो. इथे शेतातलं एक ढेकूळ जागचं हललं नाही, पण नागपूरचे गठ्ठे बांधून मुंबईला रवाना झाले. नवे मंत्री, नवे सचिव, नवी दालनं. आपला अर्ज कुठे हरवला कोणास ठाऊक, असं म्हणून मी तो सोडूनच दिला होता. पण झालं उलटंच. नव्या सरकारला आपण विदर्भाचे सख्खे आहोत हे दाखवायची घाई, आणि दिल्लीच्या योजनेत पिण्याच्या पाण्यासाठी ठेवलेले पैसे या वर्षी खर्च झाले नाहीत तर परत जाणार. मग ज्यांचे कागद पुरे होते ते अर्ज आधी वर काढले. निम्मे पैसे दिल्लीचे, थोडे मुंबईचे आणि उरलेला वाटा गावाने अंगमेहनतीने द्यायचा. पाटील पारावर म्हणाले, “पाहा बाप्पा, आपल्या कागदानं मुंबई पाह्यली, समुद्र पाह्यला. मी गावचा पाटील, अन् मी अजून वाशीमच्या पुढे गेलो नाई.” साहेबसुद्धा हसले.

अटी मात्र साहेबांनी न हसता वाचून दाखवल्या. विहीर सर्व जातींना खुली राहील. मार्चअखेर निम्मं खोदकाम डोळ्यांना दिसलं पाहिजे, नाहीतर पैसे दिल्लीला परत. आणि विहिरीची जागा गावाने फुकट, बक्षीसपत्र करून द्यायची. पहिल्या अटीवर दोन-चार म्हातारे खोकले, पण वरच्या तांड्याचे रतनसिंग नायक समोरच बसले होते, तेव्हा ते नुसते खोकलेच. खोदणारे हात तांड्याचेच असणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

जागेचा घोळ असा. गेल्या साली चावडीपुढे हौसेने खणलेला खड्डा तू पाहिलाच आहेस. पुरुषभर खाली काळा पाषाण लागला. आता त्यात पोरं विटीदांडू खेळतात आणि आठवड्याला एखादी शेळी पडते. यंदा ओव्हरसियरने तसली घाई केली नाही. तो उन्हातान्हात सगळी शिवारं फिरला, जागोजाग पहार मारून माती काढली आणि शेवटी एका ठिकाणी येऊन थांबला. तिथे वरच्या दोन टेकड्यांचं पाणी मुरतं, माती खोलवर मऊ आहे, शिवाय गाव आणि तांडा दोन्हींपासून चाल सारखीच पडते. ती जागा म्हणजे खालच्या सखल लवणातला तुझा तुकडा, आवडा. जांभळाच्या अलीकडचा.

गाव ही जागा माझीच धरून चाललं होतं. मला न विचारताच पाटलांनी दवंडी दिली, नारळ आणला, माझ्यासाठी झेंडूचा हार करून ठेवला. साहेबांनी नाव पुकारलं, “दौलतराव माळी, जागा देणारे आपणच ना?” मी उठून सांगितलं की जमीन माझी नाही, माझ्या बहिणीची आहे, बाबांनी तिला चोळीबांगडीला दिलेली. अख्खा पार हसला. पाटील म्हणाले, “अरे दौलत, बहिणीची म्हंजे भावाचीच नं? पेरते कोण, तू. काढते कोण, तू. दोन लुगडी धाड कारंजाले अन् मोकळा हो.” मी म्हटलं, पेरतो मी, पण खाते ती. त्यावर कोणी तरी मागून ओरडलं, “मंग हार कोनाच्या गळ्यात घालता, कारंजाच्या मोटारीच्या?” हार पाटलांच्या हातात तसाच लोंबत राहिला. शेवटी साहेबांनी सगळ्यांना गप्प केलं. ते म्हणाले की कागदावर जमीन अजून वडिलांच्या नावावर आहे, वडील गेल्या श्रावणात वारले, आणि गेल्या वर्षीच्या नव्या कायद्याने मुलीचाही वाटा आहे. तेव्हा बहिणीची सही नसेल तर बक्षीसपत्र होणार नाही. एवढं होऊनही पाटील पुटपुटलेच, “दिल्लीवाल्याइनं पैसा बी धाडला अन् लफडं बी धाडलं.”

आता तुकड्याबद्दल तुला मी काय सांगावं? लहानपणी बाबांबरोबर तिथे पिकाला पाण्याचे बारे द्यायला तूच जायचीस. मला चिखलात पाय घालायचा कंटाळा, आणि तू कमरेपर्यंत भिजून यायचीस म्हणून आईचा मार खायचीस. तुझ्या लग्नात बाबांनी मांडवात उभं राहून तो तुकडा तुला दिला, तेव्हा काका त्यांना म्हणाले होते की अशी पाण्याची जमीन मुलीला देतात का, एखादं बरड दे. बाबा म्हणाले, “माहेरी येताना माह्या पोरीले कोनाचं तोंड पाहायचं काम नाई पडलं पायजे.” मी तेव्हा सतरा-अठराचा होतो. मला तो बाबांचा हट्ट वाटला होता. पुढे दर पावसाळ्यात जिन बंद पडलं की तुझ्याकडे मिरची, कांदे आणि तुरीची पोती जाऊ लागली, तसा मला त्या बोलण्याचा अर्थ कळत गेला. यंदा तिथे सांभार (ओव्हरसियर त्याला कोथिंबीर म्हणतो) इतका माजलाय की वास बांधावरूनच येतो. तुझी तुळसावहिनी म्हणते, मालकिणीला आधी विचारल्याशिवाय जुडी तोडायची नाही. ती तुझी चेष्टा करतेय, पण जुड्या तुझ्यासाठीच वाळवतेय.

काल संध्याकाळी नानीबाई घरी आली. तू तिला ओळखतेस, रतनसिंग नायकाची थोरली भावजय, हातभर चुड्यांची, जिच्या आवाजाने आपले बैल दावणीला उभे राहायचे. तांड्यातल्या बाया अजूनही नाल्यातला झिरा उकरून वाटीवाटीने घागर भरतात. उन्हाळ्यात एक घागर भरायला सकाळ जाते, आणि दुसरीचा नंबर लागेपर्यंत झिरा आटतो. विहीर व्हावी असं सर्वांत जास्त कोणाला वाटत असेल तर तिला. मला वाटलं, आता ही माझं डोकं खाणार. पण ती ओट्यावर बसली, तुळसाने दिलेला चहा बशीत ओतून प्यायली आणि म्हणाली, “तू बरं बोलला, दौलत. बाईची जमीन हाय तं बाईले इचारा. आमच्यात बी मानसं असंच करतेत, बाईचं चांदी काढून इकतेत अन् मंग सांगतेत.” मी म्हटलं, नानीबाई, पण ती नाही म्हणाली तर? “तं नाई,” ती म्हणाली, “झिरा कुठी पळून चालला?” मग जाता जाता दारातून वळली आणि हसून म्हणाली, “पन मी बी जाईन कारंजाले. नाई म्हननारीचं तोंड तं पाहून येतो.” तुळसा इतकी हसली की तिला ठसका लागला.

तर असं ठरलंय. येत्या शनिवारी झेंडावंदन झालं की दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, सकाळच्या मोटारीने पाटील, रतनसिंग नायक, ओव्हरसियर आणि नानीबाई कारंजाला निघतील. रविवारी जिन बंद असतं, म्हणजे चंपतराव घरी असतील, हा हिशेब पाटलांचा. त्यांच्याबरोबर लुगडं असेल, नारळ असेल. मला त्यांनी बरोबर बोलावलंय, पण मी येणार नाही. मी समोर बसलो तर तू माझ्या चेहऱ्याकडे बघशील आणि त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचून तसं बोलशील. तू लहानपणापासून तेच करत आली आहेस.

चेहऱ्यावर काय असेल ते मी इथेच सांगून टाकतो, कारण ते तुला दुसरं कोणी सांगणार नाही. विहीर लवणात झाली तर माझा फायदा आहे. दर उन्हाळ्यात गावाच्या घागरी आपल्या मळ्याच्या विहिरीवर येतात. त्यांना नाही कसं म्हणायचं? मग चैत्रात तळ दिसतो आणि माझी वांगी उभी वाळतात. गावाला स्वतःचं पाणी मिळालं की माझा मळा बारा महिने हिरवा राहील. तेव्हा मी पारावर तुझ्या बाजूने बोललो म्हणून मला फार थोर समजू नकोस, आणि या बाबतीत माझा सल्लाही विचारू नकोस. तो मी सरळपणे देऊ शकणार नाही.

दुसरी जागा आहे. ओव्हरसियरने ती मला खासगीत दाखवली. नाल्याच्या कडेला, सरकारी पडीत. पाणी तिथेही लागेल म्हणतो, पण खाली खडक आहे, सुरुंग लावावे लागतील, आणि मार्चअखेर निम्मं काम दिसेल की नाही याची तो हमी देत नाही. पैसे परत गेले तर नवा अर्ज, नवा गठ्ठा. मी तुला घाबरवत नाही. जे आहे ते सांगतो. आणि तुझा तुकडा गेला तर त्याच्या बदली काय, तेही आमचं घरात ठरलंय. मळ्याच्या विहिरीखालचे वांग्याचे वाफे तुझ्या नावाने करायचे. ही कल्पना माझी नाही, तुझ्या वहिनीची. ती म्हणाली, “देऊन टाका ते वाफे. ननंद रिकाम्या हातानं माहेरी आली तं मी तिले तोंड कसं दाखवू?” ते वाफे लवणापेक्षा बरे आहेत की वाईट, हे तू स्वतः येऊन, माती हातात घेऊन बघ. हे मी पाटलांना सांगितलेलं नाही. कळलं तर ते तुझ्या ओसरीवर बसून म्हणतील, आता तर बाईचं काहीच जात नाही, मग कायले नाई म्हणते? तुझं काय जातं आणि काय नाही, हे त्यांनी ठरवायचं नाही.

आणि पत्र लिहिण्याचं कारण एवढंच. रविवारी तुझ्या दारात गावचा पाटील हात जोडून उभा राहील, नायक मान खाली घालून बसेल, नानीबाई तुझ्याकडे टक लावून बघेल, आणि तू भिडेने हो म्हणशील. लग्नाच्या वेळी तुला विचारलं तेव्हाही तू भिडेनेच मान हलवली होतीस. चंपतराव चांगले निघाले हे आपलं नशीब. या वेळी तुला विचार करायला चार दिवस मिळावेत म्हणून हे पाकीट. द्यायचं असेल तर मनापासून दे. द्यायचं नसेल तर त्यांना नुसतं सांग की दादाला कळवते. तेवढ्यावरून मी ‘नाही’ समजेन, गावात ते मीच सांगेन, आणि जे काही ऐकून घ्यायचं ते मी ऐकून घेईन. पारावर माझं हसं एकदा झालंच आहे, दुसऱ्यांदा काही जड जाणार नाही. उत्तर काहीही असो, पाहुण्यांना जेवू घाल. मोटार परत संध्याकाळीच आहे, आणि पाटलांना भूक सहन होत नाही. सोमवारी सकाळी तांड्यातली माणसं टिकाव-फावडी घेऊन पारावर येऊन बसतील. रेघ कुठे मारायची ते मी त्यांना तू सांगशील तिथेच दाखवीन.

तुझाच पाठीराखा,
दौलतदादा