डाव्या खांद्याची पाचर

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही म्हणजे तू मजेत असणार. अडचणीत असलास की ताई बरोब्बर आठवते. माझं बरं चाललंय. बाबा गेल्यापासून कारखान्यात एकटीला करमत नाही, म्हणून लाकडाशीच बडबडते. जाळ्यांच्या कड्यांसाठी पट्ट्या वाफवायच्या, साच्यावर वाकवायच्या, चिकटवून आवळायच्या. दिवस निघून जातो.

आपले जुने गिऱ्हाईक, ते दाढीवाले डॉक्टर, मासा उचलायची हातजाळी घेऊन आले होते. ऐन वेळी तिचं लाकडी कडं उकललं आणि मासा पसार. माझ्यावरच तणतणत होते, कारण मुठीवर बाबांची माशाच्या शेपटीची खूण. पण जाळी आपली नाही, तुमच्या शहरातल्या दुकानातली आहे. तू खेळाच्या सामानाच्या कंपनीत आहेस, जरा चौकशी कर. बाबांचं नाव कोण खराब करतंय ते मला कळायलाच हवं.

वेळेवर जेवत जा.
तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाचून वाईट वाटलं. पण हल्ली नकला सगळ्यांच्याच होतात, कुणाकुणाच्या मागे लागणार? डॉक्टरांना नवी जाळी देऊन टाक आणि ती मोडकी फेकून दे. बाबांचा साचा आठवण म्हणून महिनाभर उशाशी ठेवला होता ना, तेव्हापासून मला नुसती जाळी दिसली तरी गलबलून येतं.

माया आहेच, ती वाढती राहू दे.
तुझा धाकटा

१८ मार्च

चि. धाकट्यास,

मोडकी जाळी फेकली नाही. तिचं कडं बाबांच्या साच्यावर ठेवून पाहिलं. तंतोतंत बसलं, मुठीकडे वळणाऱ्या डाव्या खांद्याच्या खळग्यासकट.

आपला साचा तिथे बसका आहे. कडं आवळताना बाबा त्या खळग्यात पाचर सरकवायचे, मीही सरकवते. ती नसेल तर पट्ट्यांमध्ये फट राहते आणि जोड धरत नाही. साचा या घराबाहेर एकदाच गेलाय, तुझ्याबरोबर.

तू निघालास तेव्हा मी पाचरही फडक्यात गुंडाळून देत होते. तू म्हणालास, आठवणीला साचा पुरे, हा ठोकळा कशाला. मी किती भाबडी! कामासाठी नेणारा पाचर मागे ठेवणार नाही, असं वाटून निर्धास्त झाले. तू माझा विश्वासघात केलास, आणि खूण देऊन बाबांचाही. हे खोटं असेल तर लगेच लिही. ते खोटं असावं असं फार वाटतंय.

ताई

२५ मार्च

ती. ताईस,
सा. न.

खोटं कसं लिहू? मला कंपनीत वर चढायचं होतं. साहेबांना साचा दाखवला, त्यांनी तसेच साचे बनवून घेतले. खूणही मीच दिली. तुझं त्यात काय जाणार, असं वाटलं. आता जाळ्या परत येतायत आणि नोकरीवर गदा आली आहे. ताई, तेवढी पाचर पाठव. माप घेऊन लगेच परत करतो. एवढ्या वेळी सांभाळून घे.

तुझाच,
धाकटा

३० मार्च

धाकट्यास,

पाचर पाठवली आहे. परत करू नकोस. तुझी नोकरी वाचावी म्हणून ती पाठवलेली नाही. बाबांची खूण असलेल्या जाळीतून कुणाचा मासा सुटू नये, एवढंच. मी नवा साचा करायला घेतलाय. त्याला पाचर लागणार नाही, आणि माझ्या जाळ्यांवर आता बाबांची खूणही नसेल.

कारखान्याचं कुलूप बदललं आहे. तुझ्याकडच्या किल्लीने ते उघडणार नाही. ती असू दे तुझ्याकडे. आठवण म्हणून उशाशी ठेव.

ताई