तिसऱ्या रांगेतली बाई

मोन्तेविदेओ,
३ फेब्रुवारी १९८८

ती. ओर्तेन्सियावन्सं यांस,
सुल्माचा सा. न. वि. वि.

आम्ही दोघं सुखरूप पोहोचलो. साल्तोपासून इथपर्यंत तुमच्या भावाने शेजारच्या प्रवाशाला वाटेतल्या प्रत्येक गावाचं नाव विचारलं, आणि तो बिचारा न कंटाळता सांगत राहिला. उतरताना मी त्याचे आभार मानले, तर म्हणाला, बाई, वडिलांना सांभाळून न्या. चार वर्षांनी मोठ्या नवऱ्याची मला लेक करून टाकली. तुम्ही हसाल म्हणून लिहिलं.

खोली तुमच्या जुन्या वस्तीतच मिळाली. काल रोदो पार्कात नावेत बसलो, आज पाण्याच्या कडेने पार धक्क्यापर्यंत चाललो. एका हाताशी माटे चहाचा थर्मास, दुसऱ्या हातात त्याचा हात, अगदी नवी जोडी. नावेत त्याने अदबीने विचारलं की बाई, आपण असे फिरतो हे तुमच्या यजमानांना चालतं ना. रोज सकाळी मी सांगते की मी सुल्मा, तुझी बायको. तो मान डोलावतो आणि जेवणाच्या आत विसरतो.

वन्सं, एक मार्चपासून नन्सच्या आश्रमात तुम्ही त्याची खाट धरून ठेवलीत, त्याचा मला राग नाही. पण माझंही काही ठरलं आहे. लग्नाआधी तो तोंड रंगवून कार्निव्हलच्या फडात गायचा. तो वाल्देमार मी कधी पाहिलाच नाही, माझ्या वाट्याला आला तो साल्तोच्या रेल्वे कारखान्यातला. ते गाणं पुन्हा त्याच्या कानावर पडू दे. त्याने तो जागा झाला आणि एकदा जरी मला सुल्मा म्हणाला, तर मी त्याला आश्रमात देणार नाही. नाही म्हणाला तर तुमचं ऐकेन.

रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
सुल्मा


साल्तो,
७ फेब्रुवारी

चि. सौ. सुल्मास,
ओर्तेन्सियाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. तुझा पोपट मात्र दिवसभर सुल्मा, सुल्मा करून माझं डोकं उठवतो. नाव ऐकायचीच हौस होती तर त्यालाच फिरायला न्यायचं होतंस.

पोरी, त्याची परीक्षा घेणं सोड. रोज सकाळी त्याला नापास करून तुला काय मिळतं? तो म्हणेल त्याला हो म्हणावं. खोटं बोलायला तुझी जीभ रेटत नाही हे मला ठाऊक आहे, चाळीस वर्षं तुझं खरं बोलणं मीच सोसलंय. पण आता ते खरं त्याच्या काही कामाचं नाही.

दुसरी गोष्ट नीट वाच. आमच्या फडाची रीत अशी होती की निरोपाचं गाणं म्हणत मंचावरून खाली उतरायचं, गातगातच लोकांमधून वाट काढायची आणि थेट ट्रकवर चढायचं, कारण पुढच्या वस्तीतले लोक खोळंबलेले असत. ट्रक कुणासाठी थांबायचा नाही. चालत्या ट्रकवर चढण्यात वाल्देमार पटाईत. आमची आई घरून खुर्ची नेऊन तिसऱ्या रांगेत बसायची, आणि तिच्याजवळून जाताना तो तिच्या डोक्यावर तळहात ठेवायचा. बोलायचा नाही, गाणं चालूच असायचं. डोकं विसरलं तरी त्याचे पाय ते विसरले नसतील. म्हणून गाणं संपत आलं की त्याला घट्ट धर.

आश्रमाची मुख्य नन विचारत होती. मी म्हटलं, येतोय. दोघांनी जेवणखाण वेळेवर करा आणि या म्हातारीला पत्रावाचून ठेवू नका.

तुझी,
ओर्तेन्सिया


मोन्तेविदेओ,
१३ फेब्रुवारी

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

हे पत्र इस्पितळातून लिहिते आहे. आधी सांगते, तो जिवंत आहे.

परवा संध्याकाळी तुमच्या वस्तीतल्या मंचापुढे आम्ही पुढची जागा धरून बसलो. फडाने मंत्र्यांची आणि मांसाच्या भावाची यथेच्छ टिंगल केली. लोक हसून हसून लोळत होते, हा चपलेकडे बघत बसलेला. मग त्यांनी वस्तीच्या मानाचं म्हणून जुनं निरोपाचं गाणं धरलं आणि वाल्देमार उभा राहिला. एक शब्द चुकला नाही. मंचावरच्या पोरांचा खालचा सूर ढिला पडत होता, तो याने इथून उचलून धरला. शेजारच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. काय आवाज होता, वन्सं. चाळीस वर्षं माझ्याशेजारी झोपलेल्या माणसात हा आवाज होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता म्हणेल, आता म्हणेल.

गाणारे खाली उतरले, लोकांमधून गेले. तेव्हा तो वळला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे खरोखर पाहिलं. म्हणाला, बाई, बाही सोडा, ट्रक सुटतोय. तुम्ही लिहिलं तसं मी घट्ट धरलं होतं. मी म्हटलं, मी सुल्मा, तुझी लग्नाची बायको. त्याला कळेना म्हणून ओरडून म्हटलं. लोक वळून बघायला लागले. तो पोरासारखा लाजला आणि फार हळुवारपणे म्हणाला की तुमची काहीतरी चूक होतेय, माझं अजून लग्न झालेलं नाही.

गाण्याने तो जागा झाला, वन्सं. पण जिथे जागा झाला तिथे मी अजून आलेलेच नव्हते.

मला राग आला. भीती नाही, कीव नाही, राग. जा म्हटलं आणि बाही सोडली. तो धावला. ट्रकवरच्या पोरांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. त्यांनी हसत हात पुढे केले. याने फळीला हात घातला, ट्रक हलला आणि पाय निसटला. कंबरेचं हाड मोडलं आहे. आता छातीत पाणी भरलंय. डॉक्टर छातीबद्दलच बोलतात, कंबरेबद्दल कुणी बोलत नाही.

तुम्ही लिहून कळवलं होतं, तरी मी सोडलं. तुम्हाला काय तोंड दाखवू? जमलं तर तुमच्या मायेत मला ठेवा.

सुल्मा


साल्तो,
१६ फेब्रुवारी

चि. सौ. सुल्मास,
अ. आ.

माझा गुडघा मला बसमध्ये चढू देत नाही, नाहीतर आज तिथे असते. तू आधी पोटभर जेव. ती बाही माझ्या हातात असती तर मीही सोडली असती. मला तर तो लहानपणापासून ओळखतो म्हणतात, आणि गेल्या वर्षी मला गॅसवाली समजून त्याने दारातूनच परत पाठवलं होतं. तुला मी हे सांगितलं नव्हतं.

नन्सना खाट नको म्हणून कळवलं. माझ्या पुढच्या खोलीत दोन पलंग मांडले आहेत. त्याला बरं वाटलं की सरळ इकडे घेऊन ये. नाव घेवो न घेवो.

तुझीच,
ओर्तेन्सिया


मोन्तेविदेओ,
१९ फेब्रुवारी

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

तार मिळालीच असेल. तुमचं पत्र काल दुपारी हाती आलं, वाल्देमार सकाळीच गेला. पलंग मांडलेत हे त्याला सांगता आलं नाही.

काल उजाडल्यापासून तो चादर चाचपत एकच विचारत होता, ट्रक आला का. नर्स चांगली होती, पण ती आपली खरं तेच सांगे, की आजोबा, हे इस्पितळ आहे, इथे कुठला ट्रक. त्याची घालमेल बघवेना. मी जवळ गेले आणि म्हटलं, आलाय. सगळे चढलेत. आज तुझ्यासाठी थांबणार म्हणालेत.

त्याचा श्वास जरा सैल झाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, बाई, तुम्ही कोण. वन्सं, नाव अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. म्हटलं, मी दरवर्षी येते गाणं ऐकायला, घरून खुर्ची आणते, तिसऱ्या रांगेत बसते.

त्याने हात उचलला. हात पोचत नव्हता, म्हणून मी खाली वाकले. त्याने तळहात माझ्या डोक्यावर ठेवला. ओठ हलत होते, बोलला काही नाही. हात तसाच राहिला. नंतर तो नर्सनेच उचलला.

परवा संध्याकाळी त्याला घेऊन साल्तोला पोहोचते. तिथल्या दफनभूमीत आईंच्या शेजारी जागा बघून ठेवा. आणि एवढं करा, मी यायच्या आत तो पोपट कुणाला तरी देऊन टाका. त्याच्या तोंडून माझं नाव मला ऐकवणार नाही.

आता तुमच्याशिवाय मला कुणी नाही. लोभ सोडू नका.

तुमची,
सुल्मा