कासारमळा एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसवलेल्या बाहेरच्या बाईबाबत

दिनांक : ११ डिसेंबर १९७४

प्रति,
मा. विभागीय अधिकारी साहेब,
दूरध्वनी कार्यालय, सांगली

विषय : परक्या व्यक्तीस फोन जोडण्याच्या बोर्डावर बसवल्याच्या नोटिशीचा खुलासा.
संदर्भ : आपली दि. ६ डिसेंबरची नोटीस.

महोदय,

अर्जदार श्रीमती विनोदिनी सबनीस या कासारमळा एक्स्चेंजवर सहा वर्षे ऑपरेटर आहेत. दिवाळीनंतर त्यांचा घसा बसला, तो सुटलाच नाही. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झाला. अखेर सांगलीच्या डॉक्टरांनी घशात आरसा धरून पाहिले, तेव्हा स्वरयंत्रात गाठी दिसल्या. महिनाभर एक शब्दही बोललात तर आवाज कायमचा जाईल, असे त्यांनी बजावले. बदली माणूस मिळेना, म्हणून अर्जदार कामावर येत राहिल्या. गावातले फोन न बोलताही जोडता येतात.

दि. २ रोजी दुपारी ग्रामपंचायतीच्या फोनवरून निवृत्त हवालदार जोतिबा माने यांनी सांगलीचा दवाखाना मागितला. त्यांची चार वर्षांची नात अनसूया हिला घटसर्प झाला होता. घशात पांढरा पापुद्रा धरून श्वासाची वाट बुजत चालली होती. तिच्या श्वासाची शिट्टी अर्जदारांना हेडफोनमध्ये स्पष्ट ऐकू येत होती. जोतिबा एवढेच म्हणत होते, "बाई, ऐकताय न्हवं? कायतरी बोला."

बाहेरगावचा फोन मात्र पलीकडच्या ऑपरेटरला तोंडी सांगितल्याशिवाय जोडता येत नाही. अर्जदारांनी सांगली एक्स्चेंजला तीनदा हाक मारली. तोंडात रक्ताची चव आली, पण शब्द उमटला नाही. पलीकडच्या ऑपरेटरला नुसती हवा ऐकू आली आणि त्यांनी तिन्ही वेळा लाइन तोडली. त्यात त्यांची चूक नाही.

तेव्हा अर्जदार धावत खाली गेल्या. पायरीशी मेथी विकणाऱ्या हरणाबाईंना हाताला धरून वर आणले, हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला आणि काय बोलायचे ते दुसऱ्या कानाला ओठ लावून नुसत्या श्वासाने कुजबुजल्या. हरणाबाईंनी आयुष्यात फोन धरला नव्हता. भाजीची आरोळी द्यावी तशा त्या बोलल्या.

"आवं सांगली, आमी कासारमळा. लाइन तोडू नका. पोरीचा शास कोंडलाय, दवाखान्याची गाडी धाडा."

सव्वा तासाने गाडी आली. सांगलीत मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली. परवा ती नळी काढली. मुलगी आता पेज पिते.

अर्जदारांचा आवाज परत येईल की नाही, हे डॉक्टर आता सांगत नाहीत.

नियम मोडला, हे अर्जदारांना मान्य आहे. त्याची शिक्षा त्यांना व्हावी. हरणाबाईंना पोलीस चौकीत बोलावू नये. चौकशीत खोटे पडायला नको, म्हणून आणखी एक गोष्ट आधीच लेखी कळवीत आहेत : बदली माणूस येण्यापूर्वी असा फोन पुन्हा आला, तर अर्जदार रस्त्यावर जे पहिले माणूस दिसेल, त्याला बोर्डावर बसवतील.

निर्णय कळावा, ही विनंती.

आपली नम्र,
विनोदिनी सबनीस
ऑपरेटर, कासारमळा

सोबत : १. घशाच्या डॉक्टरांचा दाखला.
२. हरणाबाईंचा जबाब, अंगठ्यासह.