मेमरी देणं आणि परत घेणं

मंगळवार, १२ ऑगस्ट २००३, कळंबा

आज महादेवीबाईंनी माझी लाज राखली. कॉलेजात आम्ही दोघं संगणक शिकवतो.

जगभरचे लोक मिळून लिहितात त्या एका मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, मेमरी सांभाळणारा कोड मी महिनाभर नीट लावत होतो. प्रोग्रॅमना मेमरी देणारा भाग एका फाइलीत, काम झाल्यावर परत घेणारा दुसऱ्या. व्याख्यानात मुद्दे मांडावेत तसं. उद्या तो जगभर पाठवणार, हे कॉलेजच्या तीन सभांत गर्जून झालं होतं.

बाईंनी तो चालवून पाहिला. तासाभरात मशीन ठप्प. देण्याची रीत मी बदलली होती, परत घेण्याची जुनीच. दिलेली मेमरी परतच येईना.

"सर, तुम्ही ऐकायला बरं वाटंल असं लावलंय," त्या म्हणाल्या. "कोड बदलणारा एकच फाईल उघडतोय की, दुसरी तशीच राहती. तुम्हीच बघा."

तरी मी अर्धा तास वाद घातला. का? तीन सभांत बोलून बसलो होतो म्हणून? तसाच पाठवला असता तर?

"झालं बोलून? मग सरका," म्हणून त्या खुर्चीत बसल्या. सहापर्यंत दोन्ही भाग आम्ही एकाच फाइलीत आणले, परत घेण्याची रीतही नव्याशी जुळवली. मशीन चालू राहिलं.

आभार मानायला उभा राहिलो, तर म्हणाल्या, "थोडक्यात सर. गडहिंग्लजची एस.टी. हाय माझी."

दोनच शब्द बोललो. उरलेले इथे लिहितोय.