ओवसा आणि आफ्रिका

६ जुलै २००३, रविवार. महाड
ठरलं! केनिया. सप्टेंबरचा पहिला आठवडा. विल्डबीस्ट नावाच्या मोठ्या हरणांचे कळप तेव्हाच नदी ओलांडतात, म्हणून तारखा मीच निवडल्या. पोलादपूरचा गणपती मोठे दीर बसवतात. एक वर्ष आम्ही नसलो तर काही बिघडत नाही.
आठवीला गवताळ प्रदेश शिकवता शिकवता केस पिकले. हत्ती, गेंडा, जिराफ, सगळे फळ्यावर काढले. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही बघितलाय जिराफ?" वर्ग हसला, मीही हसले. घरी आल्यावर रडू आलं.

२० जुलै, रवि.
पोला.ला गेलो. जाऊबाईंनी पंचांगच पुढे केलं. यंदा गौर पूर्वा नक्षत्रात येतेय. म्हणजे नव्या सुनेचा पहिला ओवसा. पुतण्याचं लग्न मे महिन्यातलं. सुनेने सूप भरून गौरीला ओवाळायचं, मग घरातल्या बायकांच्या पाया पडायचं. पूर्वा दरवर्षी येत नाही.
कळपांचं वेळापत्रक पाठ केलं आणि पंचांग बघितलं नाही. मूर्ख मी.
"काकीसासू नाय म्हंजे लोकं काय बोलतील? पुढल्या साली जा की. जनावरं काय पळून जातात?"
पळूनच जातात! तेच तर बघायचंय!
हे शेजारी बसून मान डोलावत होते. नंदीबैल.

२२ जुलै
संताप संताप. आज जेवताना हे म्हणतात, "तू राहा. जागा फुकट कशाला घालवायची? मोरे येतोय." मोरे म्हणजे ह्यांचा कोर्टातला मित्र. माझ्या जागेवर मोरे!
मी म्हटलं, मग तुम्हीही राहा.
"गौरीत पुरुषांचं काय काम?"
ताट तसंच टाकून उठले.

२७ जुलै, रवि.
मोरे चहाला. वाघाचे फोटो काढायला नवा कॅमेरा घेतोय म्हणे. आफ्रिकेत वाघ नसतो. सांगितलं नाही. शोधू दे बिचाऱ्याला. हे म्हणाले, "वाघ तर आपल्या कुडपणलाही येतो." अहो, तो बिबट्या. गावात बिबट्यालाच वाघ म्हणतात. दोघे एल्एल्.बी.

३ ऑगस्ट
टूरवाल्यांचं माहितीपत्रक पुन्हा वाचलं. सिंह दिवसभर लोळतो, शिकार बहुतेक सिंहिणी करतात, आधी जेवतो मात्र तो. ह्यांच्याकडे बघितलं. कोचावर, पेपर तोंडावर.
हसू आलं नाही. इतकी वर्षं ह्या माणसाचे डबे भरले. भयंकर राग आलाय. आणि राग आला की मी भांडी घासते. त्याचाही राग येतो.

१० ऑगस्ट, रवि. पोला.
एकटीच आले. जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. हातातलं सूप न थांबवता म्हणाल्या, "तुला बघायचंय तरी काय गो तिकडं?"
सांगितलं. लाखो जनावरं, पाऊस पडेल तिकडच्या गवतामागे चालत जातात. मध्ये नदी.
"आपल्या चाकरमान्यांसारखी?"
"हो, तशीच."
"नि त्यांना कोन अडवत नाय?"
"मगरी असतात ना नदीत."
सूप थांबलं.
"म्हंजे मगर मीच की गो."
नाही म्हणायला तोंड उघडलं, पण म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. तशाच पुन्हा निवडायला लागल्या. जा म्हणाल्या नाहीत. राहा पण म्हणाल्या नाहीत. निघताना हातात कोकमाची पिशवी दिली.

१४ ऑगस्ट, गुरु. मुंबई
शाळेत रजा टाकली आणि पहिली एसटी धरली. घरी सांगितलं, बहिणीकडे. पीतज्वराची लस टोचून घेतली. त्याशिवाय जाता येत नाही. मोरेने अजून टोचलेली नाही, सुयांना भितो. मग टूरच्या ऑफिसात गेले. नावं शनिवारी पक्की होणार म्हणाले. माझं अजून खोडलेलं नाही.
दंड ठणकतोय.
एसटीडीवरून ह्यांना फोन केला. सांगितलं, मी जातेय. तुम्ही येणार की मोरे, ते तुमचं तुम्ही ठरवा.
"आणि गौर? गौर कोण आणणार?"
"तुम्ही आणा."
फोन बंद झाला. ह्यांनी फोन ठेवला की लाइन तुटली, कळलं नाही. परत लावला नाही.