हरलेल्या बाजूची दोन पानं

बाई,

आमच्या ऑफिसातली किटली गेली. बिघडली नाही, हटवली. तिच्या जागी भिंतीतून एक चकचकीत नळ बाहेर आला आहे आणि त्याच्यावर 'उकळतं पाणी, सावधान' अशी पाटी आहे. पाणी उकळतंय हे फक्त त्या पाटीलाच माहीत. चहाची पिशवी त्यात बुडवली की ती नुसती भिजते आणि नाइलाजाने जराशी पिवळी पडते, आणि मी रोज सकाळी अकरा वाजता आंघोळीच्या कोमट पाण्याचा कप घेऊन जागेवर येऊन बसते. आणि हा अन्याय रीतसर झालाय हो, सगळ्यांचं मत घेऊन. ईमेल आली होती: 'सुरक्षित, आधुनिक आणि वीज वाचवणारा नळ तुम्हाला हवा आहे का? हो किंवा नाही.' प्रश्नात किटली हा शब्द कुठेही नव्हता. मी 'हो' दाबलं. सुरक्षित आणि आधुनिक गोष्टीला नाही कोण म्हणेल? दुसऱ्या आठवड्यात किटली गायब. तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांनी पहिलं पत्र लिहायला बसले तर ही तक्रार घेऊन. पण सगळं त्या नळापाशीच सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगते.

मी नळासमोर उभी राहून मराठीत पुटपुटत होते आणि माझ्या मागे टेस्टिंग टीममधली मैत्रीण कप घेऊन उभी होती. ती पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशाची. देशाचं नाव लिहीत नाही, तिचं तर नाहीच. तिची आई अजून तिथे राहते, आणि हे पत्र पोस्टात पडणार नसलं तरी सवय बरी. तिने विचारलं काय झालं, मी त्या ईमेलची गोष्ट सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "आमच्या घरीही सध्या असाच प्रश्न विचारतायत." घरी म्हणजे देशात.

तिथे काही वर्षांपूर्वी लष्कराने सत्ता घेतली. जनरलसाहेब टीव्हीवर आले, दोन वर्षांत निवडणुका घेतो म्हणाले, तारीखसुद्धा दिली, आणि मी स्वतः उभा राहणार नाही असं वचनही देऊन टाकलं. मग सुरक्षेची परिस्थिती आडवी आली. मग मतदारयाद्या जुन्या निघाल्या. मग पावसाळा आला, जणू तो आधी कधी आलाच नव्हता. आता म्हणतात, आधी नवी घटना, तिच्यावर सार्वमत, आणि मग निवडणुका. मसुद्यात पाणी आहे, शाळा आहेत, बायकांचे हक्क आहेत. जनरलसाहेब उभे राहणार नाहीत एवढं एक वाक्य मात्र नाही. परदेशात राहणाऱ्यांनाही मत आहे, त्यांनी लंडनच्या वकिलातीत जाऊन द्यायचं. हो किंवा नाही.

मी सवयीने बोलून गेले, "'हो' देऊन टाक, फार तर काय, किटली जाईल." ती हसली नाही. "माझा भाऊ आत आहे," म्हणाली.

भाऊ तिथे शाळेत भूगोल शिकवतो. शिकवायचा. निवडणुका पहिल्यांदा पुढे ढकलल्या तेव्हा तो चौकात एक फलक घेऊन उभा राहिला. फलकावर घोषणा नव्हती, शिवी नव्हती, फक्त एक तारीख लिहिली होती, जनरलसाहेबांनी स्वतः दिलेली. तेवढ्यावर उचलला. अजून खटला नाही, कारण जुनी न्यायालयं बरखास्त आहेत आणि नवी न्यायालयं नव्या घटनेनंतर बसायची आहेत. म्हणजे बघा बाई कसं आहे ते. सार्वमतात 'हो' आलं तर न्यायालयं बसतील, भावाची केस निदान उघडेल, पण ज्यांनी त्याला आत टाकलं त्यांच्यावर त्याच्या बहिणीचा शिक्का बसेल. 'नाही' आलं तर जनरलसाहेब म्हणणार, लोकांना मसुदा पसंत नाही, ठीक आहे, आम्ही दुसरा लिहायला घेतो, सावकाश. भावाला काय वाटतं हे कुणालाच माहीत नाही. आई दर शनिवारी भात घेऊन जाते, पण पहारेकरी शेजारी उभा असतो, तेव्हा बोलणं भाताबद्दलच होतं.

त्याच रविवारी आमच्या इथल्या, लंडनमधल्या हॅरोच्या मराठी मंडळात कार्यक्रम होता. बटाटेवडे झाले, चहा झाला, आणि मग एक रिटायर्ड इंजिनियरकाका नेहमीप्रमाणे सुरू झाले: "मी सांगतो, आपल्या देशालाही पाच-दहा वर्षं मिलिटरी हवी. सगळे सुतासारखे सरळ येतील. निवडणुका काय, घेऊ नंतर!" चार माना हलल्या. मंडळाच्या अंकात मी टोमण्यांचं सदर लिहिते, तेव्हा या काकांवर माझी पेन्सिल कधीचीच टोकदार होती. पण घरी येऊन लिहायला बसले आणि हात थांबला. हे वाक्य माझं होतं. सूत, सरळ, 'घेऊ नंतर', सगळं. नववीत मी ते टाळ्यांसाठी म्हटलं होतं, आणि टाळ्या मिळाल्याही होत्या.

तुम्हाला आठवत असेल. सातारा, आंतरशालेय वादस्पर्धा, विषय 'देशाला दहा वर्षं लष्करी राजवट हवी'. बाजू चिठ्ठीने ठरायची आणि माझ्या चिठ्ठीवर 'अनुकूल' आलं होतं. मी टेबलावर मूठ आपटतेय. गाड्या वेळेवर धावतील, कचेऱ्यांत माणसं जागेवर सापडतील, आणि निवडणुका घेऊ नंतर, आधी घर तर झाडून घेऊ! पहिल्या रांगेत साताऱ्याचे निम्मे माजी सैनिक बसलेले, त्यांच्या मिश्या थरथरतायत. माझ्याविरुद्ध बोलणारी मुलगी बारीक आवाजात कागद बघून बोलली, आणि तिची नक्कल करून मी हशा घेतला. कप मला मिळाला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी बोलावलंत. मला वाटलं कौतुक असणार. तुमच्या स्वयंपाकघरात मी पाटावर बसलेय, तुम्ही दडपे पोहे कालवताय, आणि विळीवर सुभेदारकाका, तुमचे यजमान, नारळ खवतायत. तेच आधी बोलले. "पोरी, बोललीस झकास. पण एक सांगतो. पंधरा वर्षं पलटणीची मेस माझ्याकडं होती. साठ जवान. आमटीबद्दल एकानं कधी तक्रार केली नाही. मला वाटायचं, काय फर्मास आमटी होते माझ्या हाताखाली! रिटायर होऊन आलो, पहिल्या दिवशी ह्यांना करून घातली. तर ह्या म्हणाल्या..."

"खारट होती," तुम्ही वर न बघता म्हणालात. "अजून असते."

"पंधरा वर्षं!" काका म्हणाले. "साठ माणसं खारट आमटी प्याली, आणि मी मिशीला पीळ देत हिंडलो."

मी खूप हसले. तुम्ही हसला नाहीत. पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवलीत आणि विचारलंत, "ती समोरची मुलगी काय म्हणत होती गं?" मला एक शब्द आठवेना. तिचा आवाज आठवत होता, मी त्याची नक्कल केली होती ना. "मग तिची बाजू लिहून आण," तुम्ही म्हणालात. "जिंकणाऱ्याने हरलेली बाजू लिहायची, हा माझा नियम आहे. दोन फुलस्केप पानं, समास सोडून. टर उडवायची नाही. तिला जमलं त्याच्याहून नीट मांडायची. सोमवारी."

सोमवारी मी म्हटलं, "बाई, घरी विसरले." तुम्ही म्हणालात, "बरं. आठवेल तेव्हा आण." परत कधी विचारलं नाहीत. दहावी झाली, पुणं झालं, इंग्लंड झालं. तुम्ही गेल्याचं मला दीड वर्षाने कळलं, तेही कुणीतरी बोलता बोलता सांगितलं म्हणून.

आता परत ऑफिसात. सार्वमताला दोन आठवडे उरले असताना तिने जेवणाच्या सुट्टीत डबा बंद करून बाजूला ठेवला. "तू लिहितेस, वाद घालतेस. मला दोन्ही बाजू सांग. नीट. आणि प्लीज, फनी होऊ नकोस."

'नाही'ची बाजू मी पाच मिनिटांत मांडली. तारीख लिहिली म्हणून माणसाला आत टाकणाऱ्यांना तू सही कशी देतेस? वचन मोडणाऱ्याच्या दुसऱ्या वचनावर शिक्का मारायचा? न्यायालयं काय, तीही त्यांचीच असणार. मला स्वतःलाच ऐकायला छान वाटत होतं. हॅरोत राहून दुसऱ्याच्या देशाबद्दल ताठ मानेने बोलणं फार सोपं असतं, गाडी पकडून साडेसहाला घरी जायचं असतं.

"गुड," ती म्हणाली. "आता दुसरी."

मी सुरू केलं: "हो म्हणजे लोकशाहीचा गळा दाबायचा, पण रीतसर अर्ज भरून..."

तिने हात वर केला. "ही दुसरी नाही. ही पहिलीच आहे, वेगळी टोपी घालून. माझी आई फोनवर रोज म्हणते, हो दे. तू माझ्या आईची टर उडवतेयस."

बाई, माझ्या जिभेची आजवर पुष्कळांनी तक्रार केली, पण ती जागच्या जागी थांबवणाऱ्या तुम्ही दोघीच.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. भावाच्या आईच्या जागी बसून लिहायचं ठरवलं, कारण दुसरी कुठली जागा सापडेना. पहिलं पान तीनदा फाडलं. मग लिहिलं की वाईट घटना असली तरी ती कागदावर असते, आणि कागद हातात धरून माणूस एखाद्या दारापुढे उभा राहू शकतो. आत्ता उभं राहायला दारच नाही. लिहिलं की 'नाही' म्हटलं तर ज्यांना वेळ हवाय त्यांना आणखी वेळ मिळेल, आणि माझ्या गुडघ्यांना तो परवडत नाही. तुरुंग बसस्टॉपपासून लांब आहे, भात गार होतो. लिहिलं की माझ्या मुलाने तरी दुसरं काय मागितलं होतं? तारीखच ना? मीही तारीखच मागतेय, त्याच्या केसची. इथपर्यंत आले आणि पेन खाली ठेवलं, कारण मला ते पटलं होतं. उठून चहा केला, पहिली बाजू आठवली, तीही पटली. पन्नाशी आली बाई, आणि मला माझं मत सापडत नव्हतं. आजवर मत ही गोष्ट मी चष्म्यासारखी वापरली, डोळ्यांवरच असते, शोधावी लागत नाही.

सोमवारी पानं तिला दिली. हो, सोमवारीच. तिने त्या कोमट नळाशेजारी उभं राहून वाचली. एका वाक्यावर बोट ठेवलं, तिथे मी जनरलसाहेबांच्या मिशांबद्दल काहीतरी घुसवलं होतं. "हे आईचं नाही. हे तुझं." पेनने खोडलं, पानांची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

मतदानाच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. मला आत जाता येत नव्हतं, म्हणून समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. रांगेत लोक लग्नाला निघाल्यासारखे नटून आले होते, आणि वकिलातीतला एक हसरा माणूस रांगेचे फोटो काढत होता. फोटो कुणासाठी, हे रांगेतल्या सगळ्यांना माहीत असावं, कारण सगळे हसत होते. ती आत गेली आणि खूप वेळ आली नाही. तिच्या मागून गेलेले तिघे बाहेर आले, तरी ती नाही. माझ्या डोक्यात नको नको ते येऊन गेलं. मग आली. बोटाला शाई. "काही झालं नाही," म्हणाली. "पडद्यामागे नुसती उभी होते. मग बाहेरून टकटक झाली." रस्ता ओलांडताना म्हणाली, "तुझ्या घरी खरी किटली आहे ना?"

ट्रेनने माझ्याकडे आलो. घरी किटलीला हातच लावला नाही. पातेल्यात आलं-दूध घालून चहा चांगला फसफसू दिला. मी विचारलं नाही, बाई. शेजाऱ्याच्या पार्सलमध्ये काय आलं हे विचारणारी बाई मी, पण विचारलं नाही. दुसरा कप संपवून तिने पर्समधून घडी काढली आणि टेबलावर ठेवली. "तुझी पानं. कुणीतरी दोन्ही बाजू नीट सांगितल्या की कळेल असं वाटलं होतं." मग शाईच्या बोटाने कपाचा कान धरून म्हणाली, "नाही कळलं."

'हो'ला प्रचंड बहुमत मिळालं, हे सांगायला नकोच. जनरलसाहेबांचा आता सुटातला फोटो आला आहे. निवडणुकांची तारीख लवकरच. नवी न्यायालयं बसणार आहेत, पण इमारतींचं रंगकाम चालू आहे म्हणे. आई शनिवारी भात घेऊन जाते. यावर मी सदर लिहिलं नाही. संपादकांनी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा मी त्यांना कार पार्किंगवर काहीतरी पाठवून दिलं. हसले म्हणे लोक.

काल बसून ती पानं मराठीत उतरवली. काळी शाई, डावीकडे समास. इथे फुलस्केप मिळत नाही, म्हणून ए-फोरवर. तुम्हाला द्यायची होती ती लष्कराच्या विरुद्ध लिहायची होती, आणि ही निघाली त्यांच्या घटनेला 'हो' म्हणा सांगणारी. चालतील की नाही, मला ठरवता येत नाही. मतमोजणीत ती जिंकली, पण माझ्या तोंडी हरलेली बाजू हीच. टर उडवलेली नाही. एक वाक्य खोडूनच उतरवलंय, ते माझं होतं. पत्रासकट घडी करून वादस्पर्धेच्या त्या कपात ठेवतेय. कपाचा एक कान कधीच तुटलाय.

आणि त्या सोमवारी मी पानं घरी विसरले नव्हते, बाई. लिहिलीच नव्हती.